दोघंच जाणार असाल तर

ओढ्याच्या मधोमध आडवी पडलेली मोटारसायकल फार केविलवाणी दिसते. एक आरसा पाण्याबाहेर, हेडलाइट पाण्याखालीही चालूच, सायलेन्सरच्या तोंडाशी बुडबुडे. गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वेल्ह्याच्या पलीकडे, केळदच्या अंगाला, माझ्या मित्राची गाडी अशी पडली तेव्हा दुपारचे पावणेपाच वाजले होते. मित्राचा डावा पाय गाडीखाली होता आणि तो ओरडत होता, "गाडी धर, गाडी!" मीही शहाणा, आधी हँडललाच हात घातला. पाय निघाला तो नंतर.

आम्ही दोघं नवशिके नव्हतो. गोवा झालेलं, लेह-लडाख झालेलं. पण लडाखचा बहुतांश प्रवास बांधलेल्या रस्त्यावरून होतो. उंची, थंडी आणि लांबी यांचा तिथे त्रास होतो, पायाखालची जमीन मात्र बरीचशी ओळखीची असते. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेचं गणितच निराळं. वर तांबड्या मातीचा राडा, त्याखाली कातळ, कातळावर शेवाळ आणि मध्येच ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेले हातभर खोल चर. "लडाख केलंय" म्हणणारा माणूस पुण्यापासून दोन-अडीच तासांवर आडवा होतो तो यामुळेच. त्या दिवशी काय काय चुकलं, हे पुढे दोन महिने आम्ही चहाच्या टपरीवर उगाळत बसलो होतो. मित्राच्या पायाला प्लॅस्टर असल्यामुळे त्याला दुसरं कामही नव्हतं. पुढचं बरंचसं त्या बैठकांमधून आलेलं आहे.

सुरुवात संख्येपासून करू. कच्च्या वाटेला तिघं असणं सर्वांत बरं. एकाला लागलं तर दुसरा त्याच्याजवळ बसतो आणि तिसरा मदत आणायला जातो, इतका साधा हिशोब आहे. पण खऱ्या आयुष्यात तिसऱ्याला नेमकी त्याच रविवारी मेहुणीची सुपारी असते आणि शेवटी दोघंच निघतात. दोघांनी जाऊच नये असं मी म्हणणार नाही, मी स्वतः जातो. पण दोघांची सफर ही तिघांच्या सफरीतून एक वजा करून होत नाही. तिची वाट सोपी निवडावी लागते, वेळ आखूड ठेवावी लागते आणि काही गोष्टी घरून निघण्याआधीच तोंडानं बोलून घ्याव्या लागतात. आम्ही त्या बोललो नाही. वीस वर्षांची दोस्ती असली की माणसं गृहीत धरतात की समोरच्याला कळतंय.

पहिली बोलायची गोष्ट म्हणजे दोन गाड्यांमधला फरक. माझी एक्सपल्स दीडशे किलोच्या थोडी वर, त्याची जुनी ४११ सीसीची हिमालयन दोनशेच्या जवळ, त्यात त्यानं मागे सामानाचे दोन डबे लावलेले. डांबरावर हा फरक त्याच्या फायद्याचा. हायवेला तो निवांत असतो आणि माझ्या हातांना मुंग्या येतात. पण चिखलाच्या चढावर प्रत्येक किलो उचलावा लागतो. मी जिथे पाय टेकून सावरतो, तिथे त्याची गाडी एकदा कलली की ती जाणार म्हणजे जाणार. म्हणून वाट निवडताना जड गाडी जिथून परतही येऊ शकेल तीच निवडायची. शब्द नीट वाचा, परतही येऊ शकेल अशी. निसरडा उतार गाडी कशीही उतरते, प्रश्न तोच चढ पुन्हा चढण्याचा असतो. ज्या उतारावर "हे वर कसं यायचं?" असं मनात आलं, तिथे गाडी बंद करून चालत खाली जाऊन यावं. पाच मिनिटं लागतात.

डबे घरीच ठेवा. कच्च्यावर पडताना पाय डब्याखाली अडकून मोडल्याची उदाहरणं जगभरच्या रायडर मंडळींत ऐकू येतात. सामान मऊ बॅगेत, सीटवर घट्ट आवळून.

आणि पायात बूट. हे मी इथेच, सगळ्या यादीच्या आधी सांगतो, कारण आपल्याकडे पैसे नेमके उलट क्रमानं खर्च होतात. आधी जादा दिवे, मग मोबाइलचा स्टँड, मग कॅमेरा, मग डबे, आणि पायात कॉलेजात घालतो तसले कापडी बूट. हेल्मेटबद्दल आता कुणाला सांगावं लागत नाही, पण कच्च्या वाटेवर वेग कमी असतो आणि पडणं वारंवार होतं. तिथे डोक्याच्या खालोखाल मार खातात ते घोटा, गुडघा आणि खांद्याजवळचं हाड. घोट्याच्या वर जाणारे कडक बूट, गुडघ्याची ढाल आणि हातमोजे, एवढं झाल्यावर उरलेल्या पैशात दिवे घ्या. माझ्या मित्राच्या पायात त्या दिवशी कापडी बूट होते. घोट्याच्या बाहेरच्या हाडाला तडा गेला.

टायरमधली हवा हा दुसरा दुर्लक्षित विषय. डांबरावरची हवा घेऊन चिखलात गेलात तर टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो. कच्च्याला लागताना ती वीस पीएसआयच्या आसपास उतरवली तर पकड एकदम बदलते. पण आपल्या बहुतेक अशा गाड्यांना ट्यूब असते. त्यामुळे फार खाली गेलात तर दगडावर आपटून रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि दोन समांतर भोकं पडतात. पंक्चरवाले त्याला सापाचा दंश म्हणतात ते बरोबर आहे, दिसतंच तसं. डांबराला परत लागल्यावर हवा भरायला छोटा पंप हवाच. पंक्चर काढणं दोघांपैकी निदान एकाला आलं पाहिजे, आणि ते घराच्या पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी, एकदा तरी करून पाहिलेलं असलं पाहिजे. टायरची कड रिमवरून सुटत नसेल तर एक युक्ती सांगतो. चाक काढून जमिनीवर आडवं ठेवायचं, दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवायचा आणि ती गाडी हळूच त्या बाजूला कलती करायची. कड "फट्" करून सुटते. दोन गाड्या असण्याचा हा एक नगद फायदा.

बाकी सामान थोडक्यात: ट्यूब, सोल्यूशन, टायर लिव्हर, प्लग पाना, चेनचा लॉक, क्लचची वायर, जादा लिव्हर, इन्सुलेशन टेप, तार, चार-सहा मीटर मजबूत पट्टा. प्रत्येकाकडे स्वतंत्र शिट्टी आणि विजेरी. सगळी हत्यारं एकाच गाडीवर ठेवू नका, कारण नेमकी तीच गाडी पुढे निघून गेलेली असते.

निघताना घरी काय सांगता तेही महत्त्वाचं. "वेल्ह्याकडे चाललोय" हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. कुठल्या गावापासून कच्चा रस्ता पकडणार, कुठे बाहेर पडणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे लिहून द्यावं. मोबाइलमधला नकाशा आधीच उतरवून घ्या आणि त्याच्यावर अर्धाच विश्वास ठेवा. त्यावरची रेघ म्हणजे रस्ता असेलच असं नाही. शिवकाळापासून वापरात असलेल्या घाटवाटाही तिथे रेघेसारख्या दिसतात. मढे घाटाची वाट खाली कोकणात उतरते ती माणसांच्या पायांसाठी, चाकांसाठी नव्हे. तरी दर वर्षी कुणीतरी वरच्या धबधब्याजवळ गाडी घेऊन विचारतं, "हा रस्ता महाडला जातो ना?"

कुठे जाऊ नये हेही यातच आलं. ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे परवानगीशिवाय रस्ता सोडून शिरता येत नाही. पण कायद्याचं कलम नसलेल्या जागीही थोडा विचार हवा. सह्याद्रीतले सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, गाडी पळवायला मोकळी दिसतात. प्रत्यक्षात त्या कातळावर बोटभर मातीचा थर असतो आणि पावसाळ्याच्या अखेरीचा महिना-दीड महिना त्यातच सगळी फुलं येतात. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठारावरची फुलंही याच थरातली. एकदा टायर फिरला की चर पडतो, पुढच्या पावसात त्यातून माती वाहून जाते आणि मागे उरतो नुसता दगड. भाताच्या खाचराच्या बांधावरून गाडी नेणं तर सरळसरळ दुसऱ्याचं ताट लाथाडणं आहे. वहिवाटीच्या वाटेवरच राहा. तिथेही पडायला पुरेशी जागा असते.

आता वेळ. आम्ही साडेपाचला निघणार होतो, निघालो साडेसातला. नसरापूरजवळ मिसळ, तिथे एका जुन्या ओळखीच्याची भेट, मग फोटो. कच्च्याला लागेपर्यंत साडेअकरा. सुमारे आठ किलोमीटरच्या वाटेला दीड तास लागला आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही, उलट मजाच आली. खरं तर हिशोब तिथेच मांडायला हवा होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या कुशीत ऊन चारलाच जातं. परतीला निदान तेवढाच वेळ, शिवाय एक पंक्चर, शिवाय थकलेले हात. म्हणजे दोन वाजता, कुठेही असलो तरी, तोंड फिरवायचं. ही वेळ घरी ठरवायची असते, कारण वाटेवर ठरवली की ती दर वेळी पुढच्या वळणापर्यंत लांबते.

परतीच्या पावसाचं एक लक्षात ठेवा. जून-जुलैत माणूस सावध असतो. ऑक्टोबरमध्ये सकाळी कडक ऊन पडतं, पाऊस संपला असं वाटतं, आणि दुपारी तीननंतर डोंगराच्या एका बाजूला ढग कोसळतो. तुमच्या डोक्यावर थेंब नाही, पण ओढा मात्र वरून घेऊन येतो. दुपारी आम्ही तो ओढा ओलांडला तेव्हा पाणी पोटरीच्याही खाली होतं, तळाचे गोटे मोजता येत होते. परत आलो तेव्हा रंग चहासारखा आणि तळ दिसेनासा. आम्ही काठावर उभे राहिलो. मित्र म्हणाला, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "जाईल."

या दोन वाक्यांवर आम्ही टपरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवला. तो विचारत नव्हता, तो नको म्हणत होता. मित्रामित्रांत नकार क्वचितच सरळ येतो, तो प्रश्नाचे कपडे घालून येतो. "किती वाजले रे?", "पेट्रोल बघितलंस का?", "पुढे असंच आहे का?" हे सगळे नकारच. समोरचा घाबरला म्हणतील म्हणून माणूस बोलत नाही, आणि दुसरा त्याला प्रश्न समजून उत्तर देऊन मोकळा होतो. वाईट म्हणजे मलाही तो ओढा नको होता. तो विचारतोय म्हणजे त्याला जायचंय, असं मी धरून चाललो. दोघांनाही नको असलेल्या पाण्यात आम्ही दोघं एकमेकांच्या भिडेनं उतरलो. म्हणून निघण्याआधी एक शब्द ठरवा. दोघांपैकी कुणीही तो उच्चारला की गाड्या वळणार, कारण विचारायचं नाही, घरी पोचेपर्यंत चेष्टा करायची नाही. जो जास्त दमलाय, ज्याची गाडी जड आहे, ज्याला कमी येतं, त्याच्याच अंदाजानं सफर चालली पाहिजे.

पाणी ओलांडण्याची रीत अशी. आधी गाडीविना चालून पाहायचं, हातात काठी घेऊन. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की गाडी घालू नये, आणि तळ दिसत नसेल तर त्याहूनही आधी थांबावं. अर्धा-पाऊण तास वाट पाहिली तर असे डोंगरओढे पुष्कळदा जसे चढले तसे उतरतात. वर पाऊस चालूच असेल तर मात्र या काठावर रात्र काढायची तयारी ठेवायची, त्यात काही अपमान नाही. जायचंच असेल तर पहिला गिअर, नजर पलीकडच्या काठावर, आणि ॲक्सिलरेटर एकसारखा. मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की चाक गोट्याला अडतं आणि गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी वाहत्या पाण्यात कलतेच. मित्राचं हेच झालं. त्यानं आधारासाठी पाय टाकला तो प्रवाहाच्या खालच्या बाजूला, आणि गाडी त्याच्यावर आली. शंका असेल तर गाडीवर बसूच नका, इंजिन चालू ठेवून शेजारून चालत न्या, आणि चालताना स्वतः प्रवाहाच्या वरच्या बाजूला राहा. म्हणजे गाडी गेलीच तर तुमच्यापासून दूर जाईल. एका वेळी एकच गाडी पाण्यात, दुसरा माणूस काठावर, हात मोकळे ठेवून.

गाडी पडल्यावर आधी माणूस, मग बटण, मग गाडी. बटण म्हणजे इंजिन बंद करायचा लाल स्विच. चालू इंजिन पाण्यात पडलं की ते हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन अडतो आणि जोर असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. मी काय केलं, तर गाडी बाहेर ओढून लगेच स्टार्टर दाबला. एकदा नाही, सात-आठ वेळा. "कट्" असा आवाज येऊन ते थांबत होतं आणि मी पुन्हा दाबत होतो. बॅटरी उतरली ती उतरलीच, वर आत काय काय वाकलं असतं ते गॅरेजच्या बिलात कळलं असतं. नशीब, थोडक्यात निभावलं.

योग्य कृती सावकाश करायची आहे. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. आत कोरडं असेल तर बहुधा इंजिनात पाणी गेलेलं नाही. ओलं असेल तर फिल्टर काढून निथळवा, डब्याच्या तळाची नळी मोकळी करा. मग स्पार्क प्लग काढा आणि प्लगविना स्टार्टर मारा. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते, तेव्हा तोंड तिथे नेऊ नका. पिचकारी थांबेपर्यंत मारा, प्लग पुसून बसवा. शेवटी इंजिनच्या बाजूच्या छोट्या काचेतून तेलाचा रंग पाहा. ते दुधाळ, लस्सीसारखं दिसलं तर आत पाणी मिसळलेलं आहे. अशी गाडी सुरू करू नये, ओढत न्यावी. तेल बदलावं लागतं आणि बहुतेकदा एकदा बदलून भागत नाही.

कोरड्या जमिनीवर पडलेली गाडी उचलायची तर कंबरेनं उचलू नका. गिअरमध्ये टाका, ती उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवून बसा, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत जा. उतारावर असेल तर आधी ती जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे करा. चढावर मध्येच गाडी बंद पडली तर नुसता पुढचा ब्रेक दाबून ती थांबत नाही, पुढचं चाक आवळलेल्या अवस्थेतच मागे घसरतं. त्यापेक्षा गिअरमध्येच क्लच सोडून द्या, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

मित्राकडे परत येतो. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता. अशा वेळी पायात भक्कम बूट असता तर तो काढायचा नाही, तोच आधार होतो, फक्त बोटांना संवेदना आहे ना हे विचारत राहायचं. त्याच्या कापडी बुटाचा काहीच उपयोग नव्हता, तेव्हा दोन्ही बाजूंना घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि वरून सामानाचा पट्टा, असं बांधलं. खांद्याचं हाड असतं तर गमछ्याची झोळी करून हात छातीशी बांधला असता. डोक्याला मार लागला असेल, माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, ओकत असेल, मानेत दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला हलवायचं नाही आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही ओढून काढायचं नाही. भिजलेले कपडे मात्र लगेच बदलायचे. ऑक्टोबरच्या संध्याकाळी पठारावर वाऱ्यात भिजलेला माणूस अर्ध्या तासात थरथरायला लागतो.

आता दोघांच्या सफरीतला खरा पेच आला. खाली रेंज नव्हती. वर चढून गेल्याशिवाय फोन लागणार नव्हता, आणि गेलो तर हा एकटा. त्याला मागे बसवून तो चढ चढणं म्हणजे दुसरा अपघात. मी एक गोष्ट बरोबर केली असेल तर ती ही, की निघताना वेळ बांधली: "फोन लागो न लागो, साडेसहाला मी इथे परत." त्याच्याजवळ पाणी, चिक्की, माझं कोरडं जाकीट, विजेरी आणि शिट्टी ठेवली आणि त्याला पाण्यापासून वर, मोकळ्या दगडावर बसवलं. एकट्या बसलेल्याला आपण कधी येणार हे माहीत असलं की तो जागचा हलत नाही. हरवतात ते बहुधा वाट पाहून कंटाळून निघालेले.

फोनचं तंत्रही सांगून ठेवतो. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून पाहावा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. १०८ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येईल, तिथपर्यंत जखमीला आणणं तुमच्याकडेच असतं. बोलणं होत नसेल तिथे साधा एसएमएस अनेकदा जातो. त्यात जागा, काय झालं, किती जण, एवढंच लिहा. डोंगरातल्या अपघातांसाठी गिर्यारोहकांनी चालवलेलं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा क्रमांक घरूनच मोबाइलमध्ये घालून ठेवा. परदेशातल्या भाच्याकडून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवायचा विचार असेल तर थांबा. आपल्याकडे परवानगीशिवाय असं यंत्र बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर यापायी परदेशी प्रवासी अडकलेले आहेत.

वर पोचलो तर फोनच्या आधी माणूसच भेटला. धनगरवाड्यावरचे एक आजोबा गुरं घेऊन परतत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तीन वाजल्यापास्नं तोरण्याकडं काळं झालंय. तुमास्नी दिसलं न्हाय व्हय?" मी काय बोलणार? त्यांनी हाक मारली, दोन तरणे गडी आले, एक बांबू, एक घोंगडी, दोन कासरे. खाली पोचेपर्यंत साडेसहाला पाच कमी होते.

घोंगडीची दोन टोकं बांबूला आवळून त्यांनी झोळी केली, मित्राला त्यात घातलं, आणि ज्या चढावर मी पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत होतो तो ते अनवाणी, गप्पा मारत चढले. त्याआधी एकानं मित्राच्या गाडीचं हँडल धरून ती आणखी वर ओढायला लावली आणि कासऱ्यानं जांभळीच्या बुंध्याला बांधली. गुरांना बांधतात तशी, मान मोकळी ठेवून. "चोर न्हाय यायचा," तो म्हणाला, "पानी येईल." सकाळी गेलो तेव्हा काठावरचं गवत आदल्या जागेपर्यंत आडवं झालेलं होतं आणि गाडी जांभळीपाशी उभी होती.

अशी मदत करणाऱ्यांच्या मनात एक भीती असते, पुढे पोलिसांचं लफडं लागेल म्हणून. त्यांना सांगा की २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच, १३४अ कलमात, अपघातग्रस्ताला सद्हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायचीही सक्ती नाही. पैशांचं म्हणाल तर तिथल्या तिथे नोटा काढू नयेत, दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या पिकअपचं भाडं तेवढं द्यावं. पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो आणि काय लागतं ते विचारलं. दोन चांगल्या विजेऱ्या आणि म्हातारीच्या गुडघ्याचं औषध, एवढंच निघालं.

गाडी घरी आल्यावर ती धुऊन ठेवून देऊ नका. चिखलपाण्यातून आलेल्या गाडीचे ब्रेक पॅड काढून साफ करायचे, चेन धुऊन तेल द्यायचं, चाकांचे बेअरिंग हातानं फिरवून खरखर येते का पाहायचं, वायरच्या जोडण्या सुकवायच्या. पाण्यात बुडालेली असेल आणि इंजिनातलं पाणी वर सांगितल्याप्रमाणे काढलेलं नसेल तर इन्शुरन्स कंपनीला कळवण्याआधी स्टार्टर मारू नका. बुडालेलं इंजिन सुरू करायला गेल्यानं झालेलं नुकसान भरून मिळणं कठीण असतं.

प्लॅस्टर निघाल्यावर, जानेवारीत, आम्ही पुन्हा दोघंच निघालो. त्यानं नवे बूट घातले होते आणि ते सारखे दाखवत होता. परत फिरायचा शब्द आम्ही "चहा" ठरवला होता, सुटसुटीत म्हणून. हायवे सोडला, कच्च्याला लागलो, दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच त्यानं हेल्मेटची काच वर केली आणि ओरडला, "चहा!" कारण विचारायचं नाही असं ठरलेलं. मी मुकाट्यानं गाडी वळवली. गावात टपरीशी येऊन थांबलो तेव्हा कळलं, त्याला खरोखर चहाच हवा होता.

आता आमचा शब्द "पडवळ" आहे.